रात्री कोण आलं आणि सकाळी नाव कोणाचं लागलं

प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंचं मूळ गाव एरंडोल तालुक्यात, गिरणेच्या काठी. राहणं आता पुण्यात. घरात सांगतात की फैजपूरला काँग्रेस भरली त्या दिवसांत, गावातले बरेचसे कर्ते पुरुष तिकडे गेलेले असताना, पणजोबांच्या धाब्याच्या घरावर रात्री दरोडा पडला. पणजीने दरोडेखोरांच्या नाईकाला "भाऊ" म्हटलं, तेव्हा त्याने तिच्या पायातला तोडा परत दिला आणि पाया पडून निघून गेला. बाकी "बठ्ठं लई ग्यात", सगळं घेऊन गेले. त्याच रात्रीपासून पणजोबांचा धाकटा भाऊ, नाना, नाहीसा झाला. त्याला दरोडेखोरांनी सोबत नेलं म्हणतात. नानाची बायको, धाकली आजी, मागच्या खोलीत आयुष्यभर राहिली, मूलबाळ नव्हतं. दरोड्यात सगळं गेलं म्हणून पुढे नदीकाठचं शेत विकावं लागलं. वीसेक वर्षांनी एक गोसावी दारात आला, घरातल्या जुन्या खुणा त्याने सांगितल्या, जेवला आणि गेला. तो नानाच होता असं अर्धं घर मानतं. शिवाय आईकडचे एक आजोबा धुळे जेलमध्ये होते. ते गांधीजींपायी की हातभट्टीपायी, यावर प्रत्येक लग्नात वाद होतो. ताईंना तीन गोष्टी हव्यात: यातलं खरं किती, कागद कुठे मिळेल, आणि नानाच्या हिश्श्याचं आज काही होतं का.

ताई, मी तालुका कोर्टात दिवाणी-फौजदारी दोन्ही कामं करतो. वाटणीचे दावे लढवायचे म्हणजे अशा गोष्टी ऐकून घ्याव्याच लागतात, कारण पक्षकार सातबारा काढण्याआधी आजीची गोष्ट काढतो. माझा अनुभव असा की घरात सांगितलेला गुन्हा बहुतेक वेळा घडलेला असतो. पिढ्या ओलांडताना तो टिकतो. टिकत नाही तो गुन्हेगार. तो हळूहळू उंबऱ्याच्या बाहेर सरकतो. आतला माणूस बाहेरचा होतो, कर्ज दरोडा होतं, भांडण भूत होतं. म्हणून रात्री कोण आलं हे मी शेवटी विचारतो. सकाळनंतर जमीन, दागिने आणि खोल्या कोणाकडे गेल्या, ते आधी.

पण तुमची गोष्ट तुकड्या-तुकड्याने घेऊ.

पाया पडणारा नाईक आधी बाजूला काढा. हा माणूस मला खानदेशातल्या कितीतरी घरांत भेटला आहे. कुठे तो तोडा परत देतो, कुठे पाटल्या, कुठे पाळण्यातल्या पोराचा करदोडा. रावेर-यावलकडे तो सातपुड्यातून उतरतो, शिरपूरकडे सेंधव्याच्या घाटातून. तो आला कुठून याचा अंदाज बांधता येतो. निमाड, बऱ्हाणपूर आणि सातपुड्याच्या दोन्ही अंगांना ज्याच्या नावाचा दरारा होता, त्या तंट्या भिल्लाला लोक मामा म्हणत. सावकाराला लुटायचा, गरिबाच्या पोरीच्या लग्नाला मदत करायचा, बायकांना बहीण मानायचा, अशी त्याची ख्याती. मानलेल्या बहिणीच्याच घरी दगा होऊन तो पकडला गेला आणि डिसेंबर १८८९ मध्ये जबलपूरला फाशी गेला. त्याच्याही आधी खाज्या नाईक. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा हा माणूस १८५७ साली उलटला आणि इंदूरहून मुंबईकडे निघालेला सरकारी खजिना त्याने अडवून लुटला. सरकारदप्तरी हे दोघेही दरोडेखोर. लोकांच्या तोंडी मामा आणि नाईक. तुमच्या पणजीच्या लहानपणी या कथा ओट्या-ओट्यावर चालत असणार. १९३६ च्या दरोड्यात तंट्यामामा येऊन पाया पडला असेल तर तो पणजीच्या आठवणीतून आला.

पण तोडा सोडू नका. तोडा महत्त्वाचा आहे. घरातल्या सगळ्या बायकांचं गेलं आणि एकीचंच वाचलं, तर त्या एकीला ते का वाचलं हे उभ्या जन्मात कोणाला तरी सांगावं लागतं. गेलेले दागिने कोणाचे होते, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. धाकल्या आजीचं स्त्रीधन गेलं आणि थोरलीचं राहिलं, असं उत्तर आलं तर मी लगेच निष्कर्ष काढणार नाही, पण फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं कधी आणि कशी बदलली त्याची नोंद, बघायची घाई मात्र करेन. त्या काळी सोनंनाणं भिंतीतल्या बळदात, चुलीखाली नाहीतर पेवात असायचं. बाहेरच्या टोळीला ते अंधारात सापडत नाही. पोलीस म्हणतात तसा "घरचा माहितगार" लागतो. तो गडी असेल, सोयरा असेल, सोनार असेल किंवा भाऊ असेल.

आणि दरोडेखोर कोण, हे सांगताना प्रत्येक गावात बोट एकाच दिशेला जातं: भिल्ल, पारधी, वस्ती नसलेले लोक. हे ऐकताना १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा डोक्यात ठेवा. त्या कायद्याने जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली, त्यांची हजेरी लावली आणि त्यांना परवान्याशिवाय हलायची बंदी केली. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. गावात काहीही झालं की संशयित म्हणून लिहायला नावं तयारच असायची. म्हणून जुन्या कागदात अमुक जमातीच्या लोकांना धरलं असं सापडलं तर त्यावरून एवढंच कळतं की त्यांना धरलं. खटला चालला का, शिक्षा लागली का, माल सापडला का, हे वेगळं बघावं लागतं. घरातल्या माणसावर संशय घ्यायला लागू नये म्हणून या लोकांची नावं किती घरांनी वापरली याचा हिशेब कोणीही ठेवलेला नाही.

शोधताना आणखी एक अडचण येते. घरात सगळ्यालाच दरोडा म्हणतात. कायद्यात दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. चार असतील तर ती जबरी चोरी, आणि कुणाला न धमकावता कडी काढून किंवा भिंतीला भगदाड पाडून नेलं तर घरफोडी. जुन्या भारतीय दंड विधानात असंच होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तसंच आहे. त्यामुळे गाव गुन्हे नोंदवहीत "दरोडा" सापडला नाही म्हणून गोष्ट खोटी म्हणू नका. घरफोडीखाली बघा. आणि "नोंदच नाही" हेही उत्तर असू शकतं. घरावर एवढी टोळी आली, माणूस गेला, आणि पोलीस पाटलाकडे वर्दी दिलीच नाही? मग का दिली नाही, हा तुमचा खरा प्रश्न. पण ठाण्यांमधले नव्वद वर्षांपूर्वीचे कागद बहुतेक नष्ट झालेले असतात, तेव्हा नोंद न सापडणं आणि वर्दी न देणं यांत गल्लत करू नका.

आता सालाकडे वळू, कारण तुमच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा तपशील तुम्ही ओघात सांगून गेलात. आपल्याकडे म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. छप्पनचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६, आपलं १८९९-१९००. मानमोडीचा ताप म्हणजे १९१८. आणि फैजपूरची काँग्रेस म्हणजे डिसेंबर १९३६ चा शेवटचा आठवडा. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. इतकी घट्ट खूण फार थोड्या घरांत मिळते. राणीछाप रुपयावरून साल काढू नका. राणी १९०१ साली गेली, तिचे रुपये त्यानंतरही कैक वर्षं हंड्यांत पडून होते.

डिसेंबर १९३६ का महत्त्वाचा? कारण १४ एप्रिल १९३७ ला हिंदू स्त्रियांचा मालमत्तेवरील हक्काचा कायदा लागू झाला. त्याआधी एकत्र कुटुंबातला भाऊ निपुत्रिक वारला तर त्याचा हिस्सा आपोआप उरलेल्या भावांकडे जायचा आणि विधवेला फक्त पोटगी, म्हणजे अन्नवस्त्र आणि राहायला खोली. मागची खोली. १४ एप्रिल १९३७ नंतर वारला तर विधवा त्याच्या हिश्श्यावर उभी राहायची, हयातीपुरती का होईना, आणि वाटणीही मागू शकायची. शेतजमिनीला हा कायदा लागू होतो का यावर पुढे वाद झाला. १९४१ साली फेडरल कोर्टाने लागू होत नाही असं मत दिलं, मग मुंबई प्रांताने वेगळा कायदा करून शेतजमीन त्यात आणली. म्हणजे नाना "त्याच रात्री दरोडेखोरांबरोबर गेला आणि मेला" असं धरलं तर धाकल्या आजीला खोली मिळते. नाना चार महिने जास्त जगला असं धरलं तर अर्धं शेत.

थोरल्या पणजोबांनी काही केलं असं मी म्हणत नाही. गावातल्या माणसाला दिल्लीत काय कायदा होऊ घातलाय हे डिसेंबरात माहीत असण्याची शक्यता कमी. पण नानाच्या मरणाची वेळ कुटुंबाने कधी ठरवली आणि कोणापुढे सांगितली, हे मात्र नंतरचं काम असतं, आणि तेव्हा गावात वकील पोचलेला असतो. कायद्याप्रमाणे माणूस नुसता दिसेनासा झाला म्हणून मेला ठरत नाही. ज्यांना त्याची खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं काहीच खबर नसेल तर तो मेला असं गृहीत धरता येतं. पुराव्याच्या जुन्या कायद्यात हे कलम १०८ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात १११ आहे. आणि तेव्हाही तो मेला एवढंच गृहीत धरतात. नेमका कधी मेला, हे ज्याला सिद्ध करायचं त्याने पुराव्याने सिद्ध करायचं. नाना १९३६ च्या डिसेंबरात मेला, असं म्हणायला कागदावर काहीतरी आधार लागला असणार.

तो आधार शोधायची माझी वाट अशी.

पहिला कागद फेरफार. गाव नमुना सहा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, त्यामुळे तुमच्या गावचे १९३६ चे फेरफार असायला हवेत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. आधी "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर बघा, पुष्कळ गावांचे जुने सातबारे आणि फेरफार तिथे स्कॅन करून ठेवलेत. १९३५ ते १९५० मधल्या तुमच्या खात्यावरच्या सगळ्या नोंदी काढा. फक्त वारसाची नको. नानाचं नाव कधी कमी झालं, "मयत" म्हणून झालं की "बेपत्ता" म्हणून की "एकत्र कुटुंबाचा कर्ता" म्हणून थोरल्याचं एकट्याचं लागलं, खबर कोणी दिली, आणि नोटीस बजावल्याच्या ठिकाणी धाकल्या आजीचा अंगठा आहे का. अंगठा नसणं ही नवल वाटण्यासारखी गोष्ट नाही. असणं जास्त बोलकं.

दुसरं, त्या नदीकाठच्या शेताची विक्री. दरोड्यात सगळं गेलं म्हणून शेत विकलं असं घरात सांगतात, पण मी पाहिलेल्या प्रकरणांत पुष्कळदा विक्री आधीची निघते आणि दरोडा नंतरचा. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचे भाव पडले, आणि कपाशीवर उभा असलेला खानदेशातला शेतकरी सावकाराच्या दारात गेला. मुदत खरेदीचे कागद तेव्हाचे: अमुक वर्षांत पैसे फेडले तर शेत परत, नाहीतर कायमचं गेलं. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी असते, तिच्यात पणजोबांच्या नावाने शोध मागा, १९२८ पासून पुढे. शेत १९३५ साली गहाण पडलेलं निघालं, तर दरोड्यात "गेलेलं" सोनं आधीच सावकाराच्या तिजोरीत असण्याचा संभव धरावा लागतो. कर्ज झालं हे सोयऱ्यांना सांगायला लाज वाटते. दरोडा पडला हे सांगायला वाटत नाही. पोरींची लग्नं जमवायची असतात.

तिसरं, कोतवाल बुक. गाव नमुना चौदा, जन्ममृत्यूची नोंदवही. आजकाल जातीच्या दाखल्यांसाठी लोक ती धुंडाळतात, म्हणून तहसीलमधल्या माणसांना ती कुठल्या कपाटात आहे हे पाठ असतं. त्यात मरणाचं कारणही लिहिलेलं असतं. एका पक्षकाराच्या घरात तीन पिढ्या सांगत होते की आजोबांना भाऊबंदांनी बांधावरून मारलं. त्यावरून दोन घरांत पाणी बंद. कोतवाल बुकात सर्पदंश निघाला. भाऊबंदकी त्यामुळे मिटली नाही, ती आता पाइपलाइनवरून चालू आहे, पण निदान खुनाचा आरोप गेला. तुमच्याकडे डिसेंबर १९३६ आणि जानेवारी १९३७ ची पानं बघा. गावात त्या आठवड्यात कोणी "अनोळखी इसम, नदीत" अशी नोंद आहे का तेही बघा. हे वाचायला बरं वाटणार नाही, पण बघा.

कुठल्या जिल्ह्याच्या दप्तरात शोधायचं याबद्दल थोडं. खानदेश हा १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता आणि मुख्य ठाणं धुळे. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पूर्वेचं जळगाव, पश्चिमेचं धुळे, आणि नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. तुमचं प्रकरण १९३६ चं, म्हणून पूर्व खानदेश या नावाखाली जळगावला. त्याआधीच्या पिढीचं काही लागलं तर मात्र धुळ्याला जावं लागेल, आणि गेलातच तर राजवाडे संशोधन मंडळातही डोकवा; इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच वारले, त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या या संस्थेत जुन्या कागदांचा मोठा साठा आहे.

सरकारी कागद सोडून दोन चोपड्या आहेत ज्या वकीलसुद्धा विसरतात. एक भाटाची, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याची. तुमच्या समाजाचा भाट येत असेल तर त्याच्या वहीत नानाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचून घ्या. दुसरी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून क्रिया उरकायची, अशी जुनी रीत. अपघाती, अकाली मरणासाठी नारायणबळी वेगळा. तुमच्या घरातून कोण, कधी, कोणासाठी गेलं हे यजमानाच्या सहीनिशी सापडू शकतं. १९३७ सालीच नारायणबळी केला असेल, तर नाना मेल्याचं घराला नक्की माहीत होतं, मग जगाला काही का सांगेनात. १९४८-४९ साली पळसाची प्रतिमा केली असेल, तर त्यांना खरंच माहीत नव्हतं. धाकल्या आजीने कुंकू कधी पुसलं, हेही विचारा. त्या बाईला बाहेरच्यांपेक्षा जास्त कळत असणार.

आता गोसावी.

मेलेला परत येतो ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उठला, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंच्या आशेवर आणि सरदारांच्या राजकारणावर वाढला, आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. उलट बंगालात भवालच्या जमीनदारीचा दुसरा कुमार. १९०९ साली दार्जिलिंगला मेला, जाळला म्हणून सगळ्यांनी मानलं. बाराएक वर्षांनी ढाक्यात एक संन्यासी दिसला आणि बहिणीने ओळखला. बायको शेवटपर्यंत नाही म्हणाली. दावा चालला, १९३६ मध्ये संन्यासी जिंकला, आणि १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टानेही, तेच कायम केलं. निकालानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. तेव्हा दोन्ही होतं. जुन्या खुणा सांगितल्या यावरून काही ठरत नाही. भिक्षेकरी गावातल्या न्हाव्याकडून, देवळातल्या गुरवाकडून दोन तासांत एखाद्या घराच्या तीन पिढ्या गोळा करतो. मी पक्षकारांना एकच विचारतो: आलेल्याने मागितलं काय? तोतया मुक्काम करतो, हिस्सा विचारतो, निदान धोतरजोडीवर थांबत नाही. तुमचा गोसावी जेवून गेला. मला हे त्याच्या बाजूचं वाटतं.

तो धाकल्या आजीला भेटला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते विचारा. भेटला आणि ती काही बोलली नाही, असं उत्तर आलं तर नाना त्या रात्री कुणी नेला नव्हता, आपल्या पायांनी गेला होता, ही शक्यता मी वर आणीन. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० सालापासून सुरतेपर्यंत धावत होती. कर्जाला कंटाळलेला, भावाशी पटत नसलेला, एखाद्या प्रकरणात अडकलेला खानदेशी माणूस रात्रीतून सुरतेला जायचा. गिरणीत, हमालीत मिसळून जायचा. आजही सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये रस्त्यात अहिराणी ऐकू येते. घरातून सोनं घेऊन जाणारा स्वतः नानाच असेल, तर घराला दरोड्याची गोष्ट रचायला चांगलंच कारण मिळतं, आणि धाकल्या आजीला मागच्या खोलीत ठेवायलाही. हे मी सिद्ध करू शकत नाही. दरोडा खरा असेल तर हे सगळं पडतं. पण फेरफार आणि सूची दोन हातात आल्या की यातल्या निम्म्या शक्यता गळून जातील.

हिश्श्याचं उत्तर निराशाजनक आहे, पण सरळ आहे. धाकल्या आजीच्या नावावर किंवा ताब्यात पोटगीपोटी काही जमीन होती का बघा. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला आणि बाईचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. अशी जमीन असेल तर तिच्यामागे ती कोणाकडे गेली, हक्कसोड झाली की मृत्युपत्र, एवढं कागदाने कळेल. त्यापलीकडे आज दावा लावून काही पदरात पडेल असं मला दिसत नाही. वाटणीतून वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षांची मुदत असते. इथे पिढ्या गेल्या. मधे १९५७ चा कृषक दिन आला, कसणाऱ्या कुळांना जमिनी गेल्या. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुलींना जन्मजात हिस्सा देतो, तो तुमच्या आजोबांकडे आलेल्या जमिनीत तुमच्या आत्यांना लागू पडेल. नानाला परत आणणार नाही.

पण हा शोध चालू आहे असं कुठे बोलू नका, निदान तालुक्याच्या चहाच्या टपरीवर. कारण जुना फेरफार काढायला गेलं की कोणीतरी मागे लागतो: "ताई, वारस लावून देतो, निम्मं माझं." हा माणूस बनावट मृत्यू दाखला आणतो, खोटी वंशावळ करतो, आणि मेलेल्याच्या जागी कोणालातरी उभा करून कुलमुखत्यारपत्र करून घेतो. तुमच्या सहीने केलेला अर्ज त्यात सापडला की आरोपी तुम्ही. घरगुती गोष्टीचा शोध घेताना खऱ्या गुन्ह्याच्या एवढं जवळ जाणारी माणसं मी बघितली आहेत, आणि ती सगळी चांगल्या घरची होती. अर्ज स्वतः करा, नक्कल स्वतः घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. दुसरं आमिष खोदकामातल्या सोन्याचं. घरात दरोड्याची, पुरलेल्या हंड्याची गोष्ट आहे हे कळलं की फोन येतो. पाया खणताना मोहरा सापडल्या, निम्म्या भावात देतो. पहिली मोहर खरी असते, सोनार खरी म्हणतो. दुसऱ्या वेळी रोकड घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला बोलावतात आणि तिथे मारहाण करून लुटतात. फिर्याद द्यायला लोक लाजतात, कारण पुरलेलं धन सरकारला न कळवता घेणं हाही गुन्हाच आहे. त्याचा कायदा १८७८ पासून आहे.

राहिले धुळे जेलमधले आजोबा. इथे सालावरूनच बरंच कळतं. १९३२ असेल तर ते विनोबा आणि साने गुरुजींच्या बरोबरीने आत होते. त्या वर्षी तिथे विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि गुरुजींनी ती उतरवून घेतली. १९४२-४३ असेल तरी अंदाज गांधीजींच्या बाजूने. १९४९ नंतरचं असेल तर दारूबंदीचा कायदा आलेला होता आणि मोहाची भट्टी पेटवणाऱ्या कितीतरी आजोबांची सोय धुळ्यालाच व्हायची. जेलच्या कैदी नोंदवहीत कलम लिहिलेलं असतं. तेवढा उतारा मागा. केंद्राच्या सन्मान निवृत्तिवेतनाला साधारण सहा महिन्यांच्या कैदेचा पुरावा लागायचा, म्हणून त्यांनी कधी अर्ज केला होता का हेही बघा. जिल्हाधिकारी कार्यालयात ती फाईल मिळू शकते. आणि कलम दरोड्याचं निघालं तरी घाबरू नका. १४ एप्रिल १९४४ ला शिंदखेड्याजवळ चिमठाण्याला नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या साथीदारांनी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना अडवून नेला. कलमाने तो दरोडाच. त्या भागात क्रांतिकारकांना भाकरी पोचवणाऱ्या, रात्रभर आसरा देणाऱ्या घरांनी ही गोष्ट १९४७ पर्यंत दाबून ठेवली, आणि नंतर ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनीही ती सांगायला सुरुवात केली.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात, पुरुष पत्ते कुटायला बसतात. विचारायचं ते तेव्हा विचारा, बायकांना वेगळं गाठून. गोष्ट पुन्हा सांगायला लावू नका, ती पाठ झालेली असते. दागिने कोणाचे गेले, मागच्या खोलीत धाकली आजी कोणत्या वर्षी राहायला गेली, गोसावी आला तेव्हा ती घरात होती की शेतात, एवढंच विचारा आणि लिहून घ्या. त्याआधी फेरफाराचा अर्ज टाकून ठेवा, कारण नक्कल हातात यायला वेळ लागतो. गट नंबर आजचा देऊ नका, जुना सर्व्हे नंबर द्या. नाहीतर अर्ज परत येईल.